चरबी जरा जास्त टाका

बीड जिल्ह्यातले पुरुष स्वयंपाक करतात का, हे घरात विचारून कळायचं नाही. रानात जाऊन विचारावं लागतं. मिठाचा डबा कुठल्या फळीवर असतो हे ज्याला नातवंडं झाली तरी सांगता येत नाही, तोच माणूस बांधाला तीन दगड मांडून पातेलं चढलं की एकाएकी जाणकार होतो. 'मीठ आत्ता नको, उकळी फुटू दे,' हे तो अशा अधिकाराने सांगतो की उकळीसुद्धा मग घाई करत नाही. चूल भिंतींच्या आत असेल तोवर बायकांची. ती उघड्यावर आली, धूर डोळ्यांत जायला लागला आणि आठ-दहा जण कमरेवर हात ठेवून भोवती उभे राहिले, की पुरुषांची. रानातलं मटण 'आम्ही केलं' असतं. कांदा-खोबरं भाजून वाटलेला मसाला घरून डब्यात आलेला असतो, भाकरी फडक्यात बांधून आलेल्या असतात, कोथिंबीरसुद्धा निवडून आलेली असते. तरी ते 'आम्ही केलं'.

हुरड्याचं वेगळं. तिथे खरंच कसब लागतं. ज्वारीचा दाणा दुधातून नुकता घट्ट व्हायला लागला की कणसं खुडायची, जमिनीत उथळ खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव पाडायचा, आणि त्या आगटीच्या गरम राखेत कणसं खुपसायची. दाणा शिजला पाहिजे आणि हिरवाही राहिला पाहिजे. मग चटके सोसत कणीस हातावर चोळायचं, सुपात पाखडायचं आणि वाफ निघतेय तोवर खाणाऱ्याच्या पुढ्यात टाकायचं. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, गूळ, दही. सुरती गोड की गूळभेंडी, यावर दोन सख्खे भाऊ दिवसभर वाद घालू शकतात. आगटीवर बसलेला माणूस मात्र बोलत नाही. बोलायला बाकीचे असतात. 'खालून जळायलंय', 'आता काढ की', 'ती गवरी मोडून टाक' असा सल्ला चहूबाजूंनी पडत असतो आणि तो माणूस काडीने विस्तव इकडचा तिकडे करत असतो. आमच्या रानात हे काम वाटेकरी नाना करतात. सल्ल्याकडे त्यांचं लक्ष नसतं म्हणूनच आम्हाला हुरडा खायला मिळतो, असं माझं मत आहे.

या सगळ्यात बर्गर आला तो हिंजवडीहून, माझ्या भाच्याबरोबर.

बर्गर आम्हाला नवा नाही असं आम्ही समजून होतो. अंबाजोगाईत कॉलेजच्या रस्त्याला गाड्यावर मिळतो तो: बटाट्याची टिक्की, बारीक चिरलेला कोबी, आणि पांढरं मेयोनीज नि लाल सॉस इतका, की ओघळ मनगटापर्यंत यावा. १९९६ साली मॅकडोनाल्ड भारतात आलं तेच गोमांस बाजूला ठेवून. पुढे त्यांच्या बटाट्याच्या टिक्कीने देशभर जो पसारा मांडला, त्याचं एक टोक म्हणजे आमचा हा गाडा. इथवर येईपर्यंत टिक्कीत बटाटेवडा बराचसा शिरलेला असतो आणि मागितली तर वर तळलेली मिरचीही मिळते. आम्ही त्यावर समाधानी होतो.

"मामा, तो बर्गरच नाही," भाचा म्हणाला. "बर्गर म्हणजे खिमा. हाताने थापलेला, परसात कोळशावर भाजलेला. आणि मी करतो तो आतून भरलेला."

'भरलेला' म्हटल्यावर आईने जपमाळ थांबवली. वांगी, कारली, दोडकी, मिरच्या, ज्याच्या पोटात म्हणून काही भरता येतं ते रिकामं सोडायचं नाही हा आमच्या घरचा बाणा. भाच्याला कंपनीने वर्षभर अमेरिकेत मिनियापोलिसला पाठवलं होतं आणि तिथून तो एक हकिकत घेऊन आला होता. त्या शहरात सीडर ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्या एकाच रस्त्यावर दोन जुनी ठिकाणं, एक मॅट्स बार आणि दुसरं फाइव्ह-एट क्लब. खिम्याच्या दोन चकत्यांत चीज कोंडायचं, कडा दाबून बंद करायच्या आणि भाजायचं, ही कल्पना १९५०च्या दशकात आमच्याकडेच निघाली, असा दोघांचाही दावा. पदार्थाचं नाव जूसी लूसी. मॅट्स बारवाले स्पेलिंगमधला आय गाळतात आणि आय नसलेली तीच अस्सल म्हणतात. क्लबवाले आय घालतात आणि ज्याचं शुद्धलेखन बरोबर त्याचाच पदार्थ बरोबर म्हणतात. २०१४ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामा मॅट्स बारमध्ये जाऊन खाऊन आले, तरी निकाल लागला नाही.

हे ऐकून आमच्याकडे कुणालाही परकं वाटलं नाही. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी ज्यांनी एकाच चौकात समोरासमोरच्या दोन दुकानांवर वाचली आहे, त्यांना अमेरिका समजायला वेळ लागत नाही. आमच्या तात्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कोर्टात किती वर्षं चाललंय?"

"कोर्टात नाही गेले, तात्या."

"मग कसलं भांडण?" म्हणून तात्या पेपर वाचायला लागले.

बर्गर कुणी काढला हे अमेरिकेला ठरवता येत नसेल, पण तो कधी खायचा हे त्यांना सहज ठरवता येतं. उन्हाळ्यातला कुठलाही शनिवार. आमच्याकडे आधी कालनिर्णय उतरवावं लागतं. सोमवार महादेवाचा, आणि परळीचा वैजनाथ इथून इतका जवळ की नजर चुकवणं शक्य नाही. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. योगेश्वरी गावातच, तेव्हा तिथेही सवलत नाही. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार, त्यातून एकादशी नि संकष्टी वजा करा. सगळा मार्गशीर्ष तर हातचा गेलेलाच असतो: खंडोबाचं षड्रात्र, मग योगेश्वरीचं नवरात्र, दत्तजयंती, आणि घरातल्या बायकांचे महालक्ष्मीचे गुरुवार. शेवटी पौषातला एक बिनवादी रविवार सापडला. हुरडाही त्याच वेळी तयार होतो, म्हणून ठिकाण परस नाही तर रान ठरलं, केजच्या अलीकडे. शहाण्या माणसाने बर्गर हुरड्याच्या आडोशानेच करावा. बिघडला तर लोक निदान उपाशी परत जात नाहीत.

आता शेगडी. भाचा ऑनलाइन मागवतो म्हणत होता, पण दाजींना ते पटेना. आपल्या गावात वेल्डर असताना पत्र्याच्या वस्तूला एवढे पैसे घालायचे म्हणजे काय? दाजी आणि मी फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो.

"ग्रील पाहिजे," दाजी म्हणाले.

"किती बाय किती?"

"दोन बाय तीन."

"खिडकी का बाल्कनी?"

"भाजायला."

वेल्डरने काळा चष्मा कपाळावर सरकवला, आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि धंद्याला जागून विचारलं, "मधी मोर टाकू का?"

मोर नको म्हटल्यावर त्याचा उत्साह थोडा मावळला. पण माणूस कसबी होता. दोनशे लिटरचं तेलाचं जुनं पिंप उभं कापायचं, एक अर्ध खाली, दुसऱ्याला बिजागऱ्या लावून झाकण, हे त्याला दोन वाक्यांत कळलं. रेड ऑक्साइडचा हात मारून देतो म्हणाला, तो आम्ही थांबवला. जाळीला जीआय पाइप नको, हे मात्र त्यानेच आपणहून सांगितलं. त्यावर जस्ताचा थर असतो आणि तो तापला की त्याचा धूर वाईट. "बंद खोलीत जीआय वेल्ड केलं की रात्री थंडी वाजून ताप येतोय बगा. तुमी त्याच्यावर मटन ठिवनार." म्हणून साध्या लोखंडाच्या सळया बसवल्या, आणि जुना रंग नि तेल जळून जावं म्हणून पिंपात आधी तुराट्यांचा जाळ केला. त्या जाळाने गल्लीतली सगळी मुलं जमली. होळी लवकर आली असा त्यांचा समज झाला.

मागाहून आलेल्या भाच्याने तिथे वेल्डरला जॉर्ज स्टीफनची गोष्ट सांगितली. शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या पत्र्याच्या कारखान्यात हा माणूस कामाला होता. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये तयार व्हायचे. १९५२ साली त्याने एक बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले, वरच्याचं झाकण केलं, आणि अमेरिकेच्या घरोघरी परसात दिसते ती गोल शेगडी जन्माला आली. वेल्डर सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे वेल्डरच की त्यो." मग थोड्या वेळाने, बिलाचा कागद लिहिताना, "त्यानं निम्मे पैसे आधी घेतले असतील."

खरा पेच खाटकाच्या दुकानात पडला.

चांगल्या बर्गरचं तंत्र एका गोष्टीवर उभं आहे, आणि ती म्हणजे चरबी. शंभर भाग खिम्यात वीस भाग चरबी हवी. विस्तवावर ती वितळते, मांसाला आतून ओलं ठेवते, आणि जी निखाऱ्यावर ठिबकते तिचा धूर परत वर येऊन चव देतो. अमेरिकेत हे गाईच्या मांसावर चालतं. इथे गाईचा प्रश्नच नव्हता, आणि महाराष्ट्रात २०१५पासून बैल नि वळूही कायद्याने बंदीत आले. उरला बोकड. तोही आमच्या भागातला, उस्मानाबादी जातीचा: काळा, उंच, चपळ, दिवसभर माळावर बोरी-बाभळींना तोंड घालत फिरणारा. त्याला अंगावर मांस धरायला जेमतेम वेळ मिळतो. चरबीचं नावच काढू नका. असा खिमा तसाच भाजला तर कोरडा भुसा होतो.

"चाचा, दोन किलो खिमा. जाडसर. आणि चरबी जरा जास्त टाका."

चाचांचा सुरा हवेतच थांबला. 'चरबी काढा', 'ही कशाला तोलता', 'मागच्या वेळी अर्धी चरबीच होती' अशी हुज्जत आमच्या अख्ख्या खानदानाने त्या ओट्यासमोर उभं राहून घातलेली आहे.

"सर," चाचा हलक्या आवाजात म्हणाले, "तबियत तो ठीक है ना?"

मागे रांग होती. रांगेत बातमी पोचायला वेळ लागला नाही. आधी शंका निघाली की सरांना चरबी हवी म्हणजे तिच्यात काहीतरी असणार, मग आपली का काढून टाकायची? त्यावर दुसरा म्हणाला, पेपरात काहीतरी आलं असेल. तिसरा व्यवहारी निघाला. "चाचा, माझ्यातली बी सरांनाच द्या," असं त्याने जाहीर केलं आणि मग हा दातृत्वाचा ओघ थांबेना. आम्ही निघालो तेव्हा पिशवीत दोन किलो खिमा होता आणि चरबी इतकी, की पावकिलो परत करावी लागली. कायम कुरकुरणारी गिऱ्हाइकं एकदिलाने काही द्यायला निघालेली चाचांनी पहिल्यांदाच पाहिली असावीत.

आत काय भरणार, हेही चाचांनी विचारून घेतलं. चीज म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "चीज में क्या मजा? हमारे घर शादी में शिकमपुरी बनते. कीमा चने की दाल के संग पकाके पीसते, अंदर दही का चक्का, बारीक प्याज, पुदिना, हरी मिरची. बंद करके तवे पे तलते."

भाचा मोबाइल काढून लिहून घ्यायला लागला. मला मात्र सीडर ॲव्हेन्यूवरच्या दोन्ही पाट्या आठवून हसू आलं. हा जिल्हा १९४८च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादी खाणं इथल्या मोहल्ल्यांमध्ये आजही नांदतं, आणि पोटात दही घेऊन तव्यावर उतरणारा शिकमपुरी कबाब त्याच दस्तरखानावरचा. भाचा भरलेला खिमा शिकायला मिनियापोलिसपर्यंत जाऊन आला. चाचांचं घर चार गल्ल्या पलीकडे.

घरी भाच्याने बॅगेतून आपली शस्त्रं काढली. लसणाची पूड, कांद्याची पूड, स्मोक्ड पॅप्रिका नावाचं धुरी दिलेलं लाल तिखट आणि वूस्टरशर सॉसची बाटली. लसणाच्या पुडीचा वास घेऊन माझी बायको म्हणाली, "लसूण वाळवला, दळला, बाटलीत भरला, पुण्याहून आणला. आणि हितं माळ्यावर जुडी लटकायलीय." सॉसच्या बाटलीवरचा बारीक मजकूर तिने चष्मा लावून वाचला, त्यात चिंच सापडली, आणि तिने बाटली बाजूला ठेवून चिंचच भिजत घातली. पॅप्रिकाला तेवढं अभय मिळालं. ते तिखट नव्हतं म्हणून ते मुलांच्या वाट्याला टाकलं.

मग तिने खिम्याची परात पुढे ओढली, मीठ टाकलं आणि मळायला सुरुवात केली.

"मामी, मळू नका!" भाचा ओरडला.

"मळायचं नाही तर धरल कसं?"

यात दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण रंगलं. खिम्यात मीठ आधी मिसळून तो मळला की मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि गोळा घट्ट बांधला जातो. सीख कबाबाला हेच हवं, नाहीतर तो सळईवरून निखाऱ्यात पडेल. बर्गरला हे नको. तो दातांखाली सैल सुटला पाहिजे, म्हणून तिकडचे लोक मीठ अगदी शेवटी, भाजण्यापूर्वी वरून टाकतात. पण भाच्याला तो भरायचाही होता, आणि सैल खिम्यात भरलेलं चीज पहिल्याच उलथण्याला बाहेर येतं. तिकडे त्यावर ब्रेडचा चुरा आणि अंडं असा उपाय करतात. आईने ऐकून घेतलं आणि फळीवरचा येसराचा डबा खाली काढायला सांगितला.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी: येसर म्हणजे ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून धणे, मिरची आणि गरम मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. उकळत्या पाण्यात दोन चमचे पडलं की आमटी दाट होते आणि तिला वाचाही फुटते. लग्नाच्या पंगतीत पुरणपोळीपेक्षा येसर आमटीच्या वाढप्याला जास्त हाका येतात. खिम्यात ते मूठभर गेलं तेव्हा एका डब्यात सगळं काम झालं. भाजलेलं पीठ सुटणारा रस धरून ठेवतं, डाळ बांधते आणि मसाला आयताच मिळतो. शिकमपुरीतली हरभऱ्याची डाळ तरी दुसरं काय करते? भाच्याने एक चिमूट जिभेवर ठेवून बघितली आणि लसणाची पूड परत बॅगेत टाकली.

भरण्यावरही एक फेरी झाली. भाचा दोन चकत्या करून मध्ये अमूल चीजचा तुकडा ठेवून कडा चिमटत होता. आईला ते शिवणकाम पसंत पडलं नाही. तिने हात ओला केला, खिम्याचा गोळा घेतला, अंगठ्याने त्याची वाटी केली, आत दह्याचा चक्का, बारीक कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा भरला, आणि पुरणाचा उंडा बंद करतात तसं बोटं फिरवत तोंड मिटवून अलगद चपटा केला. कुठे सांधाच नाही. ज्याला सांधा नाही तो उसवणार कुठून? पुढचे सगळे आईनेच भरले. भाचा मोजत बसला.

रानात मात्र सूत्रं पुन्हा पुरुषांकडे आली. पिंप उभं राहिलं, बाभळीचा कोळसा फुलला. भाच्याने सगळा विस्तव पिंपाच्या एका बाजूला ओढला आणि दुसरी बाजू मोकळी ठेवली. त्यामागचं शास्त्र त्याने जमलेल्यांना समजावलं: एका बाजूला थेट आच, दुसऱ्या बाजूला मंद. चरबी ठिबकून भडका उडाला की बर्गर मंद बाजूला सरकवायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. तात्या पुढे झाले, मोकळ्या बाजूवर त्यांनी पाच वांगी ठेवली आणि म्हणाले, "हे चांगलं केलंस. इकडं माळकऱ्यांचं."

तात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि नारायणगडाची वारी त्यांनी चुकवलेली नाही. आमच्या जिल्ह्यात दर दुसऱ्या घरात असा एक माणूस असतो आणि त्याच्या वाट्याच्या जाळीवर खिमा सरकवणं हे कुठल्याही पाककृतीत बसत नाही. दाजींनी सीमा पक्की व्हावी म्हणून मध्ये दोन विटा आडव्या लावल्या. तेवढ्यात पहिला भडका उडाला.

चाचांच्या गिऱ्हाइकांनी दिलेली चरबी आता आपलं काम करत होती. ज्वाळा जाळीच्या वर आल्या. "पाणी मार!" "पाणी नको, झाकण टाक!" "दाब त्याला, दाब!" दाजींनी उलथणं हातात घेऊन एक बर्गर दाबलासुद्धा, आणि ज्याच्यासाठी एवढी चरबी गोळा केली होती तो सगळा रस चर्रकन कोळशावर गेला. भाचा कळवळला. खिमा सरकवायला जागा नाही आणि काढून घ्यावा तर कच्चा. भोवती उभ्या असलेल्यांत एक निवृत्त तलाठी, एक कृषी सहायक आणि दोन संचालक होते, एक पतपुरवठ्याचा, एक दूध संघाचा. ठराव तेवढा मांडायचा राहिला होता.

वाटेकरी नाना आगटीवरून उठले. त्यांनी एक लांब काडी घेतली, जाळीच्या खालून आत घातली आणि बर्गराखालचे निखारे दोन्ही बाजूंना पसरून दिले. भडका बसला. "कणीस नाही हलवायचं," नाना म्हणाले, "इस्तू हलवायचा." आणि परत आगटीवर जाऊन बसले.

खिमा मधोमध ७१ अंश सेल्सियसला पोचला पाहिजे, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा दंडक आहे. मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते वरवर असतात, पण खिमा करताना ते सगळीकडे मिसळतात, म्हणून बाहेरून भाजून भागत नाही. भाच्याने त्यासाठी अणकुचीदार थर्मामीटर आणला होता. तो त्याने बर्गरमध्ये खुपसला तेव्हा आईने काळजीने विचारलं, "ताप किती हाय त्याला?"

"एकोणसाठ."

"उतरल, उतरल," आई म्हणाली.

खरं सांगायचं तर आमच्या भागात या यंत्राची गरज नाही. मांस जरा गुलाबी दिसलं तरी 'जित्तं हाय आजून' म्हणून ताट परत येतं.

माळकऱ्यांसाठी बायकोने हुरडा जाडसर वाटून, उकडलेला बटाटा आणि येसर घालून त्याचेही बर्गर केले होते, आत तोच चक्का नि ठेचा. ते जाळीवर ठेवले की सळयांमधून सुटून पडायला लागले. तेव्हा तिने पिंपाच्या तात्यांकडच्या बाजूला सरळ भाकरीचा लोखंडी तवा ठेवला. हुरड्याचे बर्गर त्यावर तांबूस, कुरकुरीत झाले. तात्यांनी एक खाल्ला, दुसरा मागितला आणि तिसऱ्याच्या वेळी तिकडे कुणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतली. ते पाहून आक्काने, म्हणजे भाच्याच्या आईने, त्याच्या नकळत चुलीवर दुसरा तवा चढवला आणि खिम्याचे उरलेले बर्गर त्यावर टाकले. तव्यावर चरबी ठिबकून जायला जागाच नसते. बर्गर आपल्याच चरबीत भाजला जात होता, सगळा पृष्ठभाग लोखंडाला टेकल्यामुळे कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी खरपूस साल धरत होती, आणि आतला चक्का जागेवर होता. भडका नाही, धूर नाही, आणि उभं राहून बघण्यासारखं काहीच नाही, म्हणून सल्लाही नाही.

बेकरीतला पाव तुपावर शेकून त्यात ते वाढले गेले. दाजींनी एक भाकरीत घालून बघितला. ज्वारीची भाकरी गव्हाच्या पावासारखी लवत नाही. ती मध्यावर मोडली आणि बर्गर ताटात, तिथून मांडीवर आला. बाकी पंगत बिनबोभाट झाली. तव्यावरचे आधी संपले. पिंपावरचे 'आम्ही केलं' म्हणून पुरुषांनी निष्ठेने संपवले.

हात धुता धुता आक्काने सहज विचारलं, "काय रे, तिकडं त्या मॅटच्या हाटेलात हे कशावर भाजतेत?"

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. पाण्याचा तांब्या त्याने खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"सपाट लोखंडी पत्रा असतो, आई."

"म्हंजे तवा."

"...तवाच म्हण."

सगळे पिंपाकडे बघायला लागले. वेल्डरचे निम्मे पैसे अजून द्यायचे होते. दाजींनी झाकण एकदा उघडून बंद केलं, बिजागऱ्या चांगल्या बसल्यात म्हणाले.

"मोर काढून घेतला असता," बायको म्हणाली, "तर न्हाणीच्या खिडकीला तरी लागलं असतं."